मडकं टेबलाखालीच राहिलं

नवऱ्याला नाही सांगितलं, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगायलेय. सहा वर्षं झाली त्याला.

मी सिस्टर. जिंतूर तालुक्यातल्या एका लहान दवाखान्यात. तोंडानं फटकळ, पण हात हलका — सुई टोचलेली कळत नाही म्हणतात. पण आमचं काम नुसतं टोचायचं असतं का? पेशंट घरी निघाला की औषध कसं घ्यायचं, कुठं ठेवायचं हे समजावायचं, मग त्याच्याच हातानं करून घ्यायचं. ते झालं की रजिस्टरवर सही, नाहीतर अंगठा. आमच्याकडं पद्धत काय पडली होती, माहितीय? भरती करतानाच सगळे अंगठे घेऊन टाकायचे, घरी जायच्या दिवसाचासुद्धा. शाईचा पॅड एकदाच काढायचा, काम खलास!

गयाबाई चारठाण्याच्या बाजूच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. शुगर लय वाढलेली, इन्सुलिन लागलं. टोचायला झटकन शिकल्या. राहिलं एकच — बाटली ठेवायची कुठं? घरी फ्रीज नसला की आम्ही मडकं दाखवतो. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात बाटली. दाखवायची मडकी माझ्या टेबलाखालीच होती. पाच मिनिटांचं काम.

पण त्या घरी निघाल्या त्या दिवशी मला दोनची परभणीची एसटी गाठायची होती. घरी काही अडलं होतं? काही नाही. दुसरी एसटी तासाभरानं होतीच की! "मावशी, बाटली थंड ठेवा हं," चालता चालता म्हणाले आणि पर्स उचलली. फ्रीज आहे का — एवढंही विचारलं नाही मी.

दोन महिन्यांनी त्यांना जीपमधून आणलं. तळव्यात काटा रुतला होता म्हणे. पाऊल काळं पडलेलं, वास येत होता. डॉक्टरांनी विचारलं, बाटली कुठं ठेवत होता? गयाबाई म्हणाल्या, "बर्फात, साहेब. गावातल्या थंड्याच्या दुकानात, पेटीच्या पार खाली." गोठलेलं इन्सुलिन म्हणजे पाणीच. दोन महिने ही बाई न चुकता पाणी टोचत होती.

डॉक्टर माझ्याकडं वळले. आणि मी — कसं सांगू — मी रजिस्टर पुढं केलं. "सगळं समजावलं होतं सर, करूनही घेतलं होतं. हा बघा अंगठा."

गयाबाईंना वाचता येत नाही. त्यांनी त्या कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं, आता बोलतील. बोला की मावशी, असं मनात म्हणालेसुद्धा — का हे मी नंतर जोडलंय? त्या एवढंच म्हणाल्या, "सांगितलं आसंल, साहेब. माज्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

परभणीला नेऊन त्यांचं अर्धं पाऊल काढलं.

ते रजिस्टर अजून कपाटात आहे. कुणी कपाट उघडलं की मी हातातलं काम टाकून तिकडंच बघते. पण खरं सांगू? रजिस्टरपेक्षा मला महिन्याच्या पहिल्या सोमवारची धास्ती. त्या दिवशी गयाबाई काठी टेकत औषधाला येतात. आता मी प्रत्येकाला मडकं दाखवते, करून घेते, तेव्हा त्या बाकावर बसून बघतात. कुणी नवी बाई चुळबुळ करायला लागली की तिला दटावतात, "बाई सांगायल्यात तर नीट ध्यान दे गं. मी दिलं न्हाई, बग माजा पाय."

मग माझ्याकडं बघून विचारतात, "खरं हाय का न्हाई, बाई?"

आणि मी हो म्हणते.