फुकट कापून दिलेली वायर

आमच्याकडे नवी गाडी दुकानातून निघताना चाकाखाली लिंबू ठेवतात. लिंबू चिरडलं की गाडीला धोका नाही, अशी सगळ्यांची खात्री असते. ऊसतोडीला निघण्याआधी बाबांनी वाशीमच्या एका दुकानातून माझ्या बहिणीसाठी इलेक्ट्रिक स्कूटी घेतली. ती नववीत. आईबाबा बाहेर गेले की काकूकडे राहते. शाळा गावापासून नऊ किलोमीटर, बसचा भरवसा नाही. गाडी नसती तर तिची शाळा सुटली असती.

"लायसन नाही, पासिंग नाही. पोलीस हात लावत नाही, काका," दुकानदार म्हणाला.

"काहून?" बाबांनी विचारलं.

"पंचवीसच्या वर पळतच नाही ना! सायकलच समजा."

मग नारळ फुटला, लिंबू चिरडलं, आणि मिस्तरीने सीटखाली हात घालून वेग बांधून ठेवणारी वायर कापून टाकली. "हे आपल्याकडून फुकट," दुकानदार हसला. "नाहीतर पोरगी बैलगाडीच्या मांगं राहीन!"

बाबा खूश. मला नियम माहीत होता. वेग वाढला की ती सायकल राहत नाही, लायसन लागतं, आणि चौदाव्या वर्षी ते कुणी देत नाही. घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. तरी तोंड उघडलं नाही.

पुढे आमच्या कॉलेजात रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम झाला. प्रमुख पाहुणे कोण, तर तेच दुकानदार! दहा जणांच्या डोक्यावर हेल्मेट चढवून फोटो काढले, फोटो झाल्यावर हेल्मेट पुन्हा पोत्यात भरली. पाहुण्यांनी आम्हाला शपथ दिली. "पालकांनी मुलांच्या वेगावर लक्ष ठेवावं," असंही सांगितलं. वायर कापणारी पक्कड यांच्या दुकानात आणि लक्ष ठेवायचं उसाच्या फडातल्या माझ्या बाबांनी. मी उभा राहिलो.

"सर, ती वायर..." एवढंच जमलं.

"गाडीचं काम असेल तर दुकानात ये, बेटा," ते माईकवरून म्हणाले. सगळे हसले. आमचे सरही हसले, ते जास्त लागलं.

त्याच आठवड्यात बहीण वळणावर वेगात घसरली. कोपर सोललं. मागचा ट्रॅक्टर हातभर अंतरावर थांबला म्हणून वाचली. काकूचा फोन आला, "आता नाही पाठवत मी तिले शाळेत."

दुसऱ्या दिवशी मी गावी जाऊन गाडी दुकानात नेली.

"जोडून पायजे?" मिस्तरी माझ्याकडे बघतच राहिला. "लोक तोडाले येतात. जोडाले तूच पयला."

त्याने वायर जोडली. काकूला मी गाडी चालवून दाखवली, पंचवीसच्या वर जातच नाही हे पटलं, तेव्हा कुठे ती मानली. बहीण मात्र भडकली, "पोरी हसतीन मले!" संध्याकाळी तिनेच बाबांना फोन लावून माझी तक्रार केली. बाबांनी मला फोनवर बोलावलं.

"त्यानं फुकट देल्लं, अन् तू वापस करून आला? कॉलेजात शिकून राह्यला का येडा होऊन राह्यला?"

मी ट्रॅक्टरचं सांगितलं. घसरल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. त्यांनी आधी तिच्या कोपराचं विचारलं, मग शाळेचं.

"शाळा चालू हाय ना तिची?"

"उद्यापासून जाते."

"मंग राहू दे तशीच," बाबा म्हणाले. "तिले म्हणा, घरून लवकर निघत जाय."