गुमसुमचे धनी

दारव्ह्यात माझ्या थोरल्या साडूंइतका दांडग्या आवाजाचा माणूस नाही, आणि अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात त्यांच्याइतका मऊ काळजाचा नाही. या दोन गोष्टी एकाच देहात कशा नांदतात, हे कोडं मला लग्नापासून सुटलेलं नाही. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान कोर्टात कारकून होते. पुकारा करणारा शिपाई रजेवर असला की ते काम हे हौसेनं अंगावर घेत, आणि त्या दिवशी म्हणे बसस्टँडवर चहा पीत बसलेले पक्षकार अर्धा कप टाकून धावत सुटत. ज्यांची तारीख नव्हती तेही येत. त्यांचा फोन आला की मी तो हातभर लांब धरतो, आणि माझी बायको स्वयंपाकघरातूनच उत्तरं देते. पण हाच माणूस घरात शिरलेला उंदीर पिंजऱ्यात धरून, त्याला ऊन लागू नये म्हणून वर ओलं फडकं टाकून, गावाबाहेर सोडायला जातो आणि सोडताना "जाय बाप्पा, संभाळून जाय," म्हणतो. स्कूटरला किक मारतानासुद्धा त्यांचा चेहरा ओशाळलेला असतो. "कोणाचंही काही ना काही कारण असते, साडूभाऊ," ते मला सांगतात, "आपण पुसत नाही, इतकंच."

असा माणूस आठवडी बाजारात वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणायला गेला आणि पिशवीत कुत्र्याचं पिल्लू घेऊन परत आला, यात नवल काहीच नव्हतं. नवल होतं ते पिल्लाचं. ते तांबूस, कानपडकं पिल्लू कितीतरी दिवस खाटेखाली बसून होतं. हूं नाही की चूं नाही. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, त्याचं नाव ठेवलं गुमसुम. पुढं त्याला कंठ फुटला तेव्हा हे नाव घेऊन हाक मारायची ताईंनाच लाज वाटू लागली. गुमसुम दूधवाल्यावर भुंके, गॅसच्या गाडीवर भुंके, वाळत घातलेलं धोतर वाऱ्यानं फुगलं की त्याच्यावर भुंके. त्याचं खरं वैर मात्र काळीपिवळीशी होतं. सवाऱ्या भरणाऱ्या या जीपगाड्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहत आणि गाडी भरेपर्यंत भोंगा वाजवत. तो वाजला की गुमसुम फाटकाशी धाव घेई आणि साडू खुर्चीतून गर्जत, "गुम्याऽऽ! गप बैस!" गुमसुमला दुप्पट चेव येई. मग साडू आणखी वरच्या पट्टीत जात. हा कार्यक्रम इतका रंगे की रस्त्यानं जाणारे लोक भोंगा विसरून यांच्या घराकडे पाहत उभे राहत.

हे सारं गमतीत खपून गेलं असतं, पण शेजारच्या पाटलांची लेक बाळंतपणाला माहेरी आली. तान्हं बाळ जरा डोळा लावी, आणि लागलाच डोळा तर भिंतीपलीकडून गुमसुम आणि साडू एकदम सुरू होत. पाटील माणूस सज्जन, आरडाओरडा करणारे नव्हेत. एका सकाळी ते ओट्यावर येऊन बसले, पाणी प्याले आणि खाली मान घालून म्हणाले, "बाबूजी, लेकरू झोपून नाही राह्यलं. लेक रडून राह्यली. पोळ्यापर्यंत पाह्यतो. नाही जमलं तर याले माह्या मुकुटबनच्या शेतात नेऊन सोडतो. तिथं डुकरं हाकलाले कामी येईन."

साडू त्या दिवशी जेवले नाहीत. माझ्याशी फोनवर बोलताना त्यांचा आवाज पहिल्यांदा मला कानाशी धरण्याइतका लहान वाटला. "साडूभाऊ, शेतात एकटं बांधलेलं कुत्रं पाह्यलं काय तुम्ही कधी? आपल्या गुम्याचं चुकते तरी काय? कोणी आलं तर सांगून राह्यला बिचारा." मग बाळाकडून बोलू लागले, मग पाटलांच्या लेकीकडून. शेवटी सगळ्यांचंच बरोबर आहे असं ठरलं, आणि फोन ठेवताना ते पहिल्यापेक्षा जास्त दुःखी झाले.

सल्ले मात्र भरपूर आले. काठी, तोंडाला जाळी, उपास. साडूंनी प्रत्येक सल्लागाराला चहा पाजून वाटेला लावलं. तेवढ्यात त्यांच्या पुण्याच्या पुतण्यानं एक पट्टा पाठवला. कुत्रा भुंकला की गळ्याला विजेचा बारीकसा झटका बसतो, काही लागत नाही, असं त्यानं फोनवर सांगितलं. नेमका मी त्या दिवशी तिथं होतो. साडूंनी पट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "लागत नाही म्हणते ना? मग आधी मी घालून पाह्यतो." ताई म्हणाल्या, "अहो, काहीतरीच काय!" पण तोवर त्यांनी तो गळ्यात अडकवलाही होता. खुर्चीत ताठ बसून त्यांनी कोर्टातल्या आवाजात पुकारा केला, "हाजिर हो!" आणि पुढच्या क्षणी "अरे बापरे!" म्हणून फूटभर उडाले. त्या "अरे बापरे"ला पट्ट्यानं दुसरा झटका दिला. त्यावर साडू किंचाळले; त्याला तिसरा. गुमसुम कोपऱ्यात बसून डोळे फाडून बघत होता. "बोलू नका! अहो, तोंड मिटा!" ताई ओरडत होत्या, पण पट्ट्याचा खटका काही केल्या निघेना. साडू दोन्ही हातांनी तोंड दाबून, पाणावल्या डोळ्यांनी आमच्याकडे पाहत राहिले. पट्टा एकदाचा निघाला, तेव्हा त्यांनी तो मुकाट्यानं नेऊन सांडपाण्याच्या खड्ड्यात टाकला आणि गुमसुमपुढं उकिडवं बसून म्हणाले, "माफ कर रे बाप्पा. मी तुले हे घालणार होतो."

दुसऱ्या दिवशी ते आणि मी गुमसुमला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बैलाच्या खुराला औषध लावता लावता त्यांनी विचारलं, "काका, हा भुंकतो तेव्हा तुम्ही काय करता?"

"त्याले गप बैस म्हणतो."

"कसं म्हणता?"

साडूंनी म्हणून दाखवलं. बैलानं दावं तोडलं. बैल परत बांधून झाल्यावर बाई हसू दाबत म्हणाल्या, "मग त्याला वाटतं, तुम्हीपण भुंकताय. घरातला कर्ता माणूस एवढ्या जोरात भुंकतोय, म्हणजे संकट मोठंच असणार!" मग बाईंनी नीट समजावलं: भुंकण्याचं कारण शोधा, रस्ता दिसतो ते फाटक झाका, सकाळ-संध्याकाळ दमेपर्यंत फिरवा, एकटं कमी ठेवा, आणि तो गप्प झाला की त्या क्षणाला शाबासकी द्या, गप्प नसताना नव्हे. "आणि काका, तुम्ही हळू बोला. अगदी हळू."

त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं ते पाहायला मी मुद्दाम यवतमाळहून दर आठवड्याला जाऊ लागलो. फाटकाला बांबूचा तट्टा लागला. साडू गुमसुमला फिरवायला नेत, म्हणजे गुमसुम पुढं आणि साडू मागून फरफटत. त्यांच्या खिशात कायम फुटाणे असत. गुमसुम भुंकायचा थांबला की लगेच एक फुटाणा आणि कुजबुजत, "शाब्बास." ही सवय पुढं इतकी अंगवळणी पडली, की राजकारणावर बोलता बोलता मी दम घ्यायला थांबलो, तेव्हा माझ्याही तळहातावर त्यांनी फुटाणा ठेवला. घरात सगळे कुजबुजत बोलू लागले. फोडणी जळतेय हेसुद्धा ताई कानाशी येऊन सांगत.

काळीपिवळीच्या भोंग्याचं सोडवायला साडूंनी एका ड्रायव्हरलाच गाठलं. त्यानं जीप गावाबाहेर लांब उभी करून हळूच भोंगा वाजवायचा, गुमसुम गप्प राहिला तर फुटाणा, आणि मग जीप थोडी जवळ. "बाबूजी," तो ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "मी सवाऱ्या भरू का कुत्र्याची शाळा घेऊ?" पण साडूंच्या केविलवाण्या तोंडाकडे पाहून येत राहिला. पुढं पुढं तर तो घरासमोर थांबून तट्ट्यावरून डोकावे आणि आपणच विचारी, "आज कसा आहे विद्यार्थी?"

पोळा आला. पाटलांचे बैल गावालगतच्या शेतावरून मुद्दाम आणले होते. शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा. ढोल वाजत बैल घरोघर फिरत साडूंच्या दारी आले. ताई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. साडूंनी तट्टा बाजूला केला, फाटक उघडलं आणि गुमसुमच्या शेजारी जमिनीवरच बसले. ढोल कडाडला. गुमसुम उठला, दोनदा भुंकला. मग त्यानं मान वळवून साडूंकडे पाहिलं. साडूंनी ओठांवर बोट ठेवलं नाही, काही बोललेही नाहीत. नुसते त्याच्याकडे पाहत राहिले. गुमसुमनं एक मोठा सुस्कारा टाकला आणि खाली बसला. बैलांना पुरणपोळी चारून होईपर्यंत तो बसूनच होता. पाटलांनी पागोटं सारखं केलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "राहू द्या, बाबूजी. दोनदा तर माणूसबी बोलते."

इतके दिवस कोंडलेला साडूंचा आवाज तेव्हा फुटला. "वाह रे माह्या वाघा!" ते असे गरजले की बैल बुजले, ढोलवाला थांबला आणि पलीकडे पाळण्यातलं बाळ टाहो फोडून उठलं. पाटलांची लेक हसत हसत रडली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ते बाळ शाळेत जातं आणि सुट्टीत आजोळी आलं की आधी गुमसुमकडे धावतं. साडूंना अलीकडे ऐकू कमी येतं. यंत्र घेऊन दिलं, पण ते कानात कुरकुर करतं म्हणून काढून ठेवतात. मागच्या महिन्यात गेलो, तर ते ओट्यावर डोळे मिटून बसले होते, आणि म्हातारा गुमसुम त्यांच्या पायाशी पडला होता. मी फाटकाशी येताच तो हलक्या, घोगऱ्या आवाजात एकदा भुंकला. साडूंना ते ऐकू गेलं नाही. पण त्यांचा तळहात त्याच्या पाठीवर टेकलेला होता; त्या हाताला ते कळलं. डोळे न उघडताच ते म्हणाले, "कोण आलं रे?" आणि गुमसुमचं उत्तर हाताला कळावं म्हणून तळहात तिथंच ठेवून ते जरा थांबले.