सगळ्यांचं वाढून झालं

वर्षातून एकदा पुण्यातली मोठी हॉटेलं आठवडाभर अर्ध्या पैशात जेवायला घालतात. एरवी ज्या काचेच्या दारातून आत डोकवायची आपली छाती होत नाही, तिथं त्या आठवड्यात दौंडची माणसंसुद्धा खुर्ची ओढून बसतात. आमच्या ह्यांना त्याचा भारी नाद. रेल्वेची नोकरी, पास खिशात, त्यामुळे मोबाईलवर जाहिरात आली की हे टेबल सांगून मोकळे. तिथं गेल्यावर मेनू कार्ड मला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि एवढं वाचून जे यायचं ते चार घासांत संपायचं. मग परतीच्या गाडीआधी स्टेशनवर वडापाव. मी म्हणायचे, एवढा खटाटोप केला आणि पोट भरलं ते वडापावनंच. हे नुसते हसायचे.

निघताना दरवर्षी हे आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, विचारायचे, आबा, चला की एकदा. आबा दरवर्षी तेच सांगायचे, मला पंगतीची सवय, तुम्ही जाऊन या. हे बूट घालताना मला म्हणायचे, बघ तू, एक दिवस नेणार म्हातारबांना. मी म्हणायचे, नेलात.

चैत्रात हे गेले. ड्यूटीवरून आले, पाणी मागितलं, आणि मी पाणी घेऊन येईस्तोवर कारभार आटोपला होता. मी रडले नाही. गळ्यात पडायला आलेल्या बायका माझं तोंड बघून स्वतःच गप्प झाल्या. लोकांना वाटलं, बाई खंबीर आहे. कसली खंबीर! दाढ काढल्यावर गाल होतो ना, आपलाच असून आपला नसलेला, तशी मी सगळीच्या सगळी झाले होते. जिभेला चवसुद्धा राहिली नव्हती. स्वयंपाकात मीठ अंदाजानं टाकायचे. कुणी काही बोलायचं नाही, कारण जेवणारं होतं कोण? मी आणि आबा, आणि आबा जेवतच नव्हते.

त्याला कारण झालं होतं. दहाव्याला भीमेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवला नाही. समोर बाभळीवर कावळे हे एवढे, पण एक खाली उतरेना. लोक हात जोडून एकेक कबूल करत गेले. घराचं कर्ज फेडू, आबांना सांभाळू, वहिनींना काही कमी पडू देणार नाही. माणसाची काय इच्छा राहिली असेल ते ओळखायचा जणू खेळच लागला होता. ऊन चढलं, तसा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि उरकून टाकलं. मला काही वाटलं नाही. आबांना वाटलं. पोरगं उपाशी गेलं हे त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. त्या दिवसापासून अर्धी भाकरी दुधात कुस्करून खायची, बाकी ताट तसंच मागं. अंगावरचा सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसायला लागला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की असंच चाललं तर हे दिवाळी बघणार नाहीत. मला जगात एवढी एकच काळजी उरली होती, आबांनी जेवलं पाहिजे.

माझा धाकटा भाऊ शिरूरला असतो, कंपनीत आहे. दुखवटा काढायचा मान माहेरचा. सुतक फिटल्यावर बहिणीच्या घरच्यांना बोलावून जेवू घालायचं, तोंड गोड करायचं, मग त्या घरात परत सणवार सुरू. तो आज-उद्या करत होता, आणि एक दिवस त्याचा फोन आला की पुण्यातल्या त्या हॉटेलांचा आठवडा लागलाय, दुखवटा तिथंच काढू. मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तर म्हणाला, घरी पंगत बसवली की सगळे रडतात आणि अन्न वाया जातं, हॉटेलात कुणी रडत नाही. वर म्हणाला, दाजी दरवर्षी आबांना चला म्हणायचे, आता मी म्हणतो. मला वाटलं आबा उडवून लावतील. आबांनी ऐकून घेतलं आणि धुतलेली टोपी काढून ठेवली.

भाऊ शिरूरहून गाडी घेऊन आला. भांडगाव मागं पडलं, पुणं आलं. हॉटेलात अंधारं-अंधारं, गार, आणि पाण्याचे ग्लास इतके पातळ की धरायची भीती. चौघांचं टेबल दिलं. आबा, भाऊ, मी, आणि एक खुर्ची मोकळी. वेटरनं काळा शर्ट, काळी पँट आणि वर काळाच एप्रन घातलेला. त्यानं आधी वाटीवाटीभर सूप आणलं आणि निघून गेला.

आबांनी हात लावला नाही. आबा सुरू करेनात म्हणून भाऊ सुरू करेना, मोठ्यांच्या आधी घास कसा घ्यायचा? मीही हात मांडीवर ठेवून बसले. आबा कशाला थांबलेत ते मला माहीत होतं. पूर्ण वाढून झाल्याशिवाय त्यांनी जन्मात घास उचललेला नाही. आणि त्या हॉटेलाची रीत अशी की आधीचं संपल्याशिवाय पुढचं आणायचं नाही. झालं! आम्ही वाढपाची वाट बघतोय, वाढपी आमची वाट बघतोय. सूप गार झालं, त्यावर साय धरली. वेटर दोनदा येऊन हिंदीत विचारून गेला, कुछ गड़बड़ है क्या? एरवी मला हसू फुटलं असतं, हे असते तर टेबलावर डोकं ठेवून हसले असते. मी सूपकडे बघत बसले.

शेवटी भावानं उठून त्याला समजावलं की बाबा, जे काय आहे ते एकदम आण, गोडसुद्धा. वेटरला पटलं नाही, पण त्यानं आणलं. टेबल भरून गेलं. आबांनी सगळ्यावरून एकदा नजर फिरवली, टोपी सारखी केली, हात जोडले आणि एका बशीत प्रत्येकातलं थोडं थोडं काढलं. भाजी, भात, डाळ, गुलाबजामचा तुकडा. ती बशी त्यांनी मोकळ्या खुर्चीपुढं सरकवली आणि परत हात मांडीवर ठेवले. आता पुढं काय, ते मला कळेना. इथं कुठला कावळा येणार? आबा परत उपाशीच उठणार, हे मला दिसायला लागलं.

तेवढ्यात वेटर मागून आला. त्याला वाटलं असेल उष्टं-खरकटं बाजूला काढलंय. त्यानं ती बशी अलगद उचलली आणि आत घेऊन गेला. मी अर्धवट उठले. आबांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "नेलं त्यानं."

मला राग आला. अहो आबा, तो पगारी माणूस आहे, त्यानं ती बशी आत बादलीत उलटी केली असेल, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण आबांनी गार सूपची वाटी तोंडाला लावली होती. वाटी रिकामी करून त्यांनी रोटी कुस्करली, डाळ ओतली, आणि खाली मान घालून जेवायला लागले. भात घेतला, परत घेतला. मधेच म्हणाले, "दरसाली बोलवायचं पोरगं. आलो बाबा." भावानं तोंड फिरवलं आणि रुमाल काढला. हॉटेलात कुणी रडत नाही म्हणे.

गुलाबजाम संपवून आबांनी माझ्या ताटाकडं बघितलं. माझं सगळं जागच्या जागी होतं.

"तू कुणाची वाट बघतीस, पोरी?" ते म्हणाले. "समद्यांचं वाढून झालंय. जेव आता."

मी डाळ-भात कालवून घास घेतला. डाळीला मीठ कमी होतं.