कनकाबाईंची पूर्वेची खिडकी

चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या कनकाबाई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. निवृत्त झाल्या, पण हात कुठले गप्प बसायला! घरातल्या प्रत्येक खिडकीवर, पडद्याच्या वरच्या अंगाला, त्यांनी चुण्याचुण्यांची झालर लावली. खिडक्या संपल्या तेव्हा फ्रिजचा नंबर लागला, मग टीव्हीचा, मग विजेच्या मीटरचा. त्यांचे यजमान अप्पाजी एका जागी फार वेळ बसायला घाबरत.

बाईंना दुःख एकच. मुलगा प्राणेश पस्तिशी ओलांडून गेला तरी त्याचं लग्न जमेना. तंजावरकडची मराठी घरं ती किती, आणि त्यात पत्रिकेत मंगळ ठाण मांडून बसलेला. शेवटी कीर्तना नावाच्या मुलीचं स्थळ आलं, पत्रिकाही जुळली. तेवढ्यात तिचे आजोबा जनकोजी यांनी फोनवर विचारलं, "हॉलला पूर्वेची खिडकी आहे ना? नसेल तर आमची पोर आम्ही देत नाही हो."

"आहे की!" कनकाबाई बोलून गेल्या.

कसली आहे! पूर्वेला नुसती भिंत, आणि भिंतीपलीकडे शेजारच्या हेमलताचं स्वयंपाकघर. अप्पाजींनी कपाळाला हात लावला. बाईंनी मात्र टेप काढली. रविवारी सकाळी त्या कोऱ्या भिंतीवर दांडी होती, पडदे होते, आणि वर मोरपंखी रेशमाची झालर अशी झुलत होती की खऱ्या खिडक्या तिच्यापुढे भिकारी दिसाव्यात.

पाहुणे आले. खिडकी बघून जनकोजी खूश झाले. इतक्यात त्या खिडकीतून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"मांबलम स्टेशन अगदी जवळ," कनकाबाई घाईघाईनं म्हणाल्या. "गाडी आली वाटतं."

मग मिक्सर सुरू झाला. ही मालगाडी, असं अप्पाजींनी सांगितलं. बिचारे घामानं डबडबले होते.

"मलाही उकडतंय," जनकोजी म्हणाले. "खिडकी उघडा की जरा."

झालं, संपलं! एवढं सोन्यासारखं स्थळ कनकाबाईंनी आपल्याच जिभेनं घालवलं. त्यांना आता रडू कोसळणार, तोच कीर्तना उठली. "मी उघडते," म्हणाली आणि तिनं पडद्याआड डोकं घातलं. समोर भिंत. तिचं डोकं बराच वेळ तिथंच राहिलं.

"तात्ता, ऊन थेट आत येतंय," ती पडद्याआडूनच आजोबांना म्हणाली. "तुमच्या डोळ्याचं आत्ताच ऑपरेशन झालंय. बंदच राहू दे. नारळाचं झाड मात्र छान दिसतंय हं."

जनकोजींनी समाधानानं मान हलवली आणि शिऱ्यासारखी ती गोड केसरी आणखी थोडी मागून घेतली.

केसरी वाढायला कनकाबाई आत गेल्या, तशी कीर्तनाही मागोमाग गेली. बाई तिचे हात धरून रडायलाच लागल्या.

"मामी, थांबा आधी," ती कुजबुजली. "मला वीणा येते म्हणून तात्तांनी तुम्हाला सांगितलंय ना? मी वीणेला कधी हातसुद्धा लावलेला नाही."

कनकाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"एक वीणा घेऊन ठेवू," त्या म्हणाल्या. "तिला अशी झालर शिवते, की ती काढून वाजव म्हणायची कुणाची छाती होणार नाही."