वेल्समधला ळ

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही दोघं म्हणालात, "आजी, ते वेल्सचं घर विकून टाक ना, आम्ही तिथे कधी गेलोच नाही." तुमचे बाबाही तेच म्हणतात. घर आता माझ्या नावावर आहे आणि पुढच्या आठवड्यात दलालाला मलाच उत्तर द्यायचं आहे. ते देण्याआधी, ज्यांनी हे घर घेतलं त्यांच्याविषयी तुम्हाला थोडं ठाऊक असावं, म्हणून हे लिहिते. अडेल तिथे बाबांकडून वाचून घ्या.

वेल्सच्या लोकांना त्यांचीच भाषा शिकवायला निघालेला माणूस जगात एकच झाला असेल, आणि तो आपल्या घरात झाला. तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे भाऊजी. त्यांनी लग्न केलं नाही, सगळी नोकरी इथे नेदरलँड्समध्ये, आर्नहेमच्या एका वीज कंपनीत काढली, आणि निवृत्त झाल्यावर समुद्राजवळ घर घ्यायचं ठरवलं. नेदरलँड्सलाही समुद्र आहे, हे आम्ही त्यांना सुचवून पाहिलं. पण वेल्सच्या सहलीत त्यांनी एका गावाची पाटी पाहिली होती. नाव दोन एलने सुरू होत होतं. तिथूनच त्यांनी मला फोन केला.

"वहिनी, हा ळ आहे! ळ ने सुरू होणारा एक मराठी शब्द सांगा. नाही ना? या लोकांनी करून दाखवलं."

त्याच गावाबाहेर त्यांनी दोन खोल्यांचं दगडी घर घेतलं.

आता खरी गोष्ट अशी की वेल्श लोकांचा तो उच्चार ळ नाही. जीभ ल म्हणताना ठेवतो तशी ठेवायची आणि कडेने नुसती हवा सोडायची. शेजारी मेंढ्या पाळणाऱ्या एक वयस्कर बाई राहतात, त्यांनी भाऊजींना हे समोर उभं राहून करून दाखवलं. भाऊजींनी अदबीने ऐकून घेतलं. बाई गेल्यावर म्हणाले, "प्रयत्न चांगला आहे. पण दात पडलेत, त्यामुळे हवा जाते."

"अरे, गाव त्यांचं आहे," तुमचे आजोबा म्हणाले.

"गाव त्यांचं असेल, दादा. अक्षर आपलं आहे."

दर उन्हाळ्यात ते ब्रेडाला आमच्या घरी येऊन आम्हाला गाडीत घालत आणि बोटीने पलीकडे नेत. वेल्समध्ये शिरलं की प्रत्येक पाटीपाशी गाडी हळू करून नाव मोठ्याने वाचत. मागे रांग लागे. कुणी हॉर्न वाजवला की म्हणत, "इंग्रज असणार." समुद्रात त्यांनी कधी पाऊल घातलं नाही. सकाळी खिडकीतून एकदा बघत आणि चहाला बसत.

डच लोकांकडून त्यांनी एकच सवय उचलली होती, आधी वेळ ठरवल्याशिवाय कुणाला भेटायचं नाही. एकदा शेजारीणबाई धावत सांगायला आल्या की तुमच्या परसात माझ्या मेंढ्या शिरल्यात. भाऊजींनी दारातूनच विचारलं, "मंगळवारी चार वाजता चालेल?" मंगळवारी बाई खरोखर चार वाजता आल्या. तोवर परसातली मेथी संपली होती. भाऊजींनी त्यांना पिठलंभात वाढला आणि मेथी नाही याबद्दल क्षमा मागितली.

तुमचे आजोबा गेल्यावरही ते मला नेत राहिले. गेल्या हिवाळ्यात तेही गेले. वसंतात तुमचे बाबा तुमच्याकडून इकडे आले, तेव्हा आम्ही दोघं दलालाला घर दाखवायला गेलो. शेजारीणबाई कुंपणापाशी उभ्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "जय भीम." उच्चार अगदी स्वच्छ होता.

मी "जय भीम" म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "रोज सकाळी आम्ही या कुंपणावरून म्हणत होतो. किती दिवसांनी कुणी उत्तर दिलं."

तुमचे बाबा दलालाशी घराच्या किमतीचं बोलत होते. त्यांनी हे ऐकलं नाही.

मी दलालाला नाही म्हणून कळवणार आहे. तुमचे बाबा रागावतील, पण माझा मुलगा आहे, त्याची समजूत मी काढीन. भिंतींना ओल आली आहे. पण तुम्ही आलात तर खाटा चार आहेत, चुलीचं धुराडं साफ आहे, पाणी आणि वीज चालू आहे.