शिवण बाहेरच्या बाजूला

गेल्या महिन्यात हौसाबाई गेल्या. नौपाड्यातल्या आमच्या गल्लीत जन्मलेली कितीतरी मुलं त्यांच्या पायांवर आंघोळ करून मोठी झाली. माझा नवरा साकेत त्यांतलाच एक. न्हाणीघरात पाटावर बसायचं, दोन्ही पाय लांब करायचे, नडग्यांवर बाळ पालथं घालायचं आणि कोमट तेलाने टाळूपासून तळपायापर्यंत चोळून काढायचं. लग्न होऊन साताऱ्याकडून वागळे इस्टेटमागच्या चाळीत आल्या, तेव्हापासून त्या हेच करत होत्या. त्यांचे यजमान पोपटराव कामाला होते तो कारखाना बंद पडला तेव्हा घरही या हातांवरच चाललं. रस्त्यात ओळखीचा कुणी तरुण ऑफिसला निघालेला दिसला की त्या त्याला अडवायच्या. "काय रे, वळख न्हाई देत? त्ये नाक माजं हाय तुज्या तोंडावर." बाळाचं बसकं नाक तेलाच्या बोटांनी ओढून सरळ करता येतं, यावर त्यांचा पक्का विश्वास होता. पुरावा म्हणून त्या साकेतला उभं करायच्या.

सान्वी झाली तेव्हा सासूबाईंनी दुसऱ्या कुणाचं नावच घेतलं नाही. हौसाबाई तेव्हा थकल्या होत्या, नवी कामं घेत नव्हत्या, पण साकेतची मुलगी म्हटल्यावर आल्या. सान्वीच्या एका पावलावर जन्मतःच नाण्याएवढा ओला, लाल चट्टा होता. भरून येईल, असं प्रसूतिगृहात सांगितलं होतं. हौसाबाईंनी तो पाय जपून बाजूला ठेवला आणि पहिले काही दिवस बाकीच्या अंगाला नुसतं हलक्या हाताने तेल लावलं. मग एका सकाळी, लव काढायची म्हणून, डाळीचं पीठ सायीत मळून त्याचा गोळा केला. आपल्याकडे सगळ्याच घरांत करतात. तो गोळा त्यांनी पाठीवर फिरवला, आणि त्याच्याबरोबर पाठीची कातडी निघून आली.

मी दारातच उभी होते. हौसाबाई ओरडल्या नाहीत. चटका बसल्यासारखे त्यांनी दोन्ही हात वर धरले आणि म्हणाल्या, "पोरी, हिला माज्या पायावरनं उचल. म्या आता हात लावत न्हाई."

त्यांना कुणीच बोल लावला नाही. सासूबाईंनी फक्त तो पाट उचलून माळ्यावर टाकला. त्याचा आवाज हौसाबाईंनी ऐकला. त्यानंतर त्यांनी कुठल्याच घरचं बाळ पायावर घेतलं नाही.

सान्वीच्या कातडीचा बारीकसा तुकडा तपासायला गेला. त्याचा सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो डॉक्टर देवयानींनी आम्हाला समजावून सांगितला. त्वचेच्या वरच्या थरात तळाशी सतत नव्या पेशी जन्मतात. त्या वर ढकलल्या जातात, चपट्या होतात आणि पृष्ठभागावर पोचेपर्यंत मरतात. हा मेलेला थरच आपल्या अंगातलं पाणी आत ठेवतो आणि जंतूंना बाहेर. मळ म्हणून आपण जो चोळून काढतो त्यात बराचसा हाच असतो. त्याच्याखाली जिवंत, जाड थर. त्यात रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी, ऊन-गार कळवणारे मज्जातंतू. या दोन थरांमध्ये एक पातळ पडदा असतो आणि त्याला खालच्या थराशी धरून ठेवणारे अतिसूक्ष्म धागे. टाके म्हणा ना, डॉक्टर म्हणाल्या. सान्वीच्या अंगात हे टाके तयारच होत नव्हते. दोष अर्धा माझ्याकडून आला होता, अर्धा साकेतकडून, आणि आम्हा दोघांच्या अंगावर त्याची खूणही नव्हती. याला औषध विचारलं तर त्या म्हणाल्या, जपणं. तिला दाबलेलं चालेल, घासलेलं चालणार नाही. उचलताना खाली सपाट हात घालायचे, काखेत धरायचं नाही. कपडे उलटे घालायचे, म्हणजे शिवण बाहेर राहील.

तो फोटो मागून घेऊन मी चाळीत गेले. हौसाबाई हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना वरचा थर दाखवला, खालचा दाखवला, मधली पांढरी फट दाखवली. ही फट आईच्या पोटात असल्यापासूनची आहे, तुमच्या हाताने पडलेली नाही, हे मला येत होतं तेवढ्या सगळ्या शब्दांत सांगितलं. त्यांनी फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला.

"सारवनाचा पोपडा सुटावा तसं दिसतंय," त्या म्हणाल्या.

"तसंच आहे. भिंतच कच्ची होती, हौसाबाई."

"भिंत कच्ची व्हती, खरं हाय तुजं. पन पोपडा माज्याच हातानं निघाला न्हवं?"

मी फोटो परत पिशवीत ठेवला.

पण त्या यायला लागल्या. सान्वीची मलमपट्टी चालायची तेव्हा दाराशी बसायच्या. पाणी उकळून द्यायच्या, रडणाऱ्या पोरीला दुरूनच गावाकडच्या रेड्याची गोष्ट सांगायच्या, आणि तिने हात पुढे केला की आपले पदराखाली न्यायच्या. शिवणीचं मीच त्यांना बोलले होते. पुढच्या वेळी त्या स्वतःच्या जुन्या लुगड्याची दोन झबली घेऊन आल्या. धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं कापड, आणि एकूण एक शिवण बाहेरच्या बाजूला. सान्वी मोठी होत गेली तशी झबली मोठी होत गेली. शाळेच्या गणवेशाच्या आत ती अजून तसंच झबलं घालते.

यंदा त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजव्या बाजूला हालचाल उरली नाही आणि स्पर्शही कळेना. पाठीला जखमा होऊ लागल्या तेव्हा त्यांची सून संचिता मला बोलवायला आली. आमच्या घरात कातडी जपायचं काम येतं, असं आता सगळ्यांना वाटतं. माणसाला ओढून सरकवायचं नाही, खाली सपाट हात घालून उचलायचं, हे मी तिला करून दाखवलं. उचलताना हौसाबाईंचा सगळा भार माझ्या तळव्यांवर आला. फार नव्हता.

सान्वीने हट्ट धरला म्हणून एकदा तिलाही नेलं. बोटं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून तिच्या हाताचं एकेक बोट वेगळं गुंडाळलेलं असतं, तळवा तेवढा उघडा. तिला बघताच हौसाबाईंचा डावा हात सवयीने पदराखाली गेला. उजवा चादरीवरच राहिला. तो त्यांना ओढून घेता येत नव्हता. सान्वीने आपला तळवा त्यावर ठेवला.

हौसाबाई त्या दोन हातांकडे बघत राहिल्या. मग जड जिभेने म्हणाल्या, "बघ. निघालं का काय?"

मी सान्वीचा हात अलगद उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. काही निघालं नव्हतं. तिने तो पुन्हा जागेवर ठेवला.

"ऊन हाय का गं तिचा हात?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हटलं. ऊन आहे.

त्यांनी डोळे मिटून घेतले. सान्वी तशीच बसून राहिली, हात जराही न हलवता, मी शिकवलंय तशी.