पुढच्या वेळी कोण थांबेल?

मित्रहो, सुरतेच्या सायबर कॅफेतून लिहितोय. एका मदतसंस्थेची दक्षिण गुजरातसाठीची साथरोगाच्या तयारीची योजना आखायला मी सल्लागार म्हणून मदत करतोय.

आज उधन्याच्या कामगार वस्तीतल्या बैठकीत मी विचारलं, "प्लेगसारखी साथ पुन्हा आली, तर आजाऱ्यांसाठी वस्तीत कोण थांबेल?"

धुळ्याकडच्या कमलताई उठल्या. "मागच्या टायमाला मी पोरांना घेऊन गावी पळाले. शेजारीण तापात एकटी राहिली. वाचली ती, पण तिच्या नजरेला नजर देववत नाही. आता मी थांबेन. आधी माझ्या पोरांना गावी पोचवा."

संस्थेच्या प्रमुख बाई मला म्हणाल्या, "योजनेत हे पोरांना पोचवायचं सगळ्यात आधी लिहा." मग थांबायला तयार असलेले आणखी हात वर आले.

माझी मुलगी लहान आहे. मी थांबलो असतो का, ठाऊक नाही. तुम्ही?